गहाळ रजिस्टर

गांधी चौकातल्या ठाण्यात हवालदार पाटोळे
दोन कागदांमध्ये कार्बन सरकवतात, विचारतात,
काय गेलं?
कार्ड.
आधार?
नाही.
पॅन? एटीएम?
नाही, कॅनडाचं. तिथं कायम राहायची परवानगी.
पेनाचं टोपण दातात धरून
ते जरा वेळ माझ्याकडं बघतात.
मग लिहितात: प्लॅस्टिकचे कार्ड, नग एक,
अंदाजे किंमत निरंक.

कुठं गहाळ झालं?
शहरी बसमध्ये असेल. किंवा मिशन दवाखान्यात,
केसपेपरच्या रांगेत. किंवा घरातच.
एकच जागा सांगा मॅडम, रकाना एवढाच आहे.
मी वानलेसवाडीचा स्टॉप सांगते.

नाव सुवार्ता विल्यम लोंढे.
वय अडतीस.
कायमचा पत्ता?

रेजायनाचं तळघर सांगू?
खिडकी जमिनीला टेकलेली,
जानेवारीत बर्फ तिच्यात बोट बोट चढत येतो.
भाडेकरार अकरा महिने नाही, पण वर्षाचाच.
की इथलं घर,
जिथल्या रेशनकार्डावरून अशेरनं माझं नाव
मी गेले त्याच महिन्यात उतरवून घेतलं?
रागानं नाही. तहसीलला तसं विचारतात.
दाखल्याची झेरॉक्स त्यानंच मला पाठवलेली,
असू दे तुझ्याकडं, म्हणून.
"सदर इसमाचे नाव कमी करण्यात आले आहे."

आईचा लिहू का, पाटोळे म्हणतात.
लिहा.

रात्री मोबाईलवर अर्ज.
पाच वर्षांतले सगळे पत्ते, मध्ये एक महिनाही मोकळा नको.
देशाबाहेर काढलेले दिवस: गेल्याची तारीख,
आल्याची तारीख, कारण.
अशेरचं लग्न, अकरा.
पप्पांची माती, नऊ; त्यातले दोन विमानात,
म्हणजे पोचले तेव्हा फुलंही वाळलेली.
ही खेप, आजवर एकवीस.
एक्केचाळीस दिवस मी देशाबाहेर होते
असं मी मिरजेत बसून लिहिते,
वर पंखा कटकट करतोय
आणि शेजारच्या घरात कुणीतरी ठेचा कुटतंय.

मुजावरांच्या स्टुडिओत
हसायचं नाही, हे मीच त्यांना सांगते.
हनुवटीपासून टाळूपर्यंत किती मिलिमीटर, तेही.
ते पट्टी लावतात फोटोला,
म्हणतात, तुझ्या दहावीच्या हॉलतिकिटाला
एवढं कुणी मोजलं नव्हतं बाई.
मागं स्टुडिओचा शिक्का हवा, पत्त्यासकट.
शिक्का वाळलेला. ते त्याच्यावर हाऽ करून वाफ सोडतात,
अंगठ्यानं दाबतात.
निम्माच उमटतो:
"…र्केटजवळ, मिरज."
चालंल का तिकडं?
चालेल, म्हणते मी. मला माहीत नाही.

काय हरवलंय गं, आई विचारते.
कार्ड.
केवढं होतं?
मी बोटांनी दाखवते.
एवढंसं तर होतं की.
दहा मिनिटांनी पुन्हा,
काय हरवलंय गं?
मीही पुन्हा बोटांनी दाखवते.
रेजायनात मी दुसऱ्यांच्या आयांना
हे दिवसातून चाळीसदा करते, तासाच्या दरानं.

शुक्रवारी तिच्या गोळ्या भरायला
पत्र्याचा डबा काढला.
तळाशी रुमालाची गाठ.
तिचं दवाखान्यातलं आयाचं ओळखपत्र,
पप्पांचा रेल्वेचा पास, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव,
आणि दोन्हींच्या मध्ये मी,
न हसता.

एकदा नोंद झाली की जुनं कार्ड चालत नाही,
सापडलं तरी.
पाटोळ्यांना कळवायला हवं होतं.
तिला विचारायला हवं होतं,
पण ती ओसरीत बसून पावटे सोलत होती
आणि गुणगुणत होती काहीतरी, शब्द विसरलेलं.

मी तिन्ही तसंच ठेवलं, त्याच क्रमानं,
गाठ मारली.
तिची गाठ उजवीकडून असते,
माझी डावीकडून.
तिला कळेल.