काल कुणाला भेटलात?

एवढाच प्रश्न होता फॉर्मवर.
खाली बारीक अक्षरात: पाच मिनिटांहून जास्त,
हाताच्या अंतरात.

भिंताडेबाईंची नारायण पेठेत मेस.
पोळ्या लाटता लाटता त्यांनी एकेचाळीस नावं सांगितली.
बेचाळिसावा उधारी बुडवून लातूरला गेलाय,
"त्याला धरू नका."
रफीक तांबोळी, कंडक्टर, कात्रज ते निगडी,
म्हणाला, माणसं कुठली मोजता, तिकिटं मोजा,
आणि पासवाले वेगळे.
मी मोजली.

पाषाणला लॅबमध्ये माणसाचा बिंदू होतो,
भेटीची रेष.
रेषेवरून ताप किती सहज चालत जाईल, तो बीटा.
बरं होण्याच्या वेगाला गॅमा.
भिंताडेबाई पडद्यावर
उलट्या झालेल्या छत्रीसारख्या, सगळ्या काड्या बाहेर.
त्यांना आधी लस द्या, मॉडेल म्हणतं,
आणि मॉडेलचं बरोबर आहे.

खडकीत, दारूगोळा कारखान्याच्या जुन्या क्वार्टर्समागे,
एडविन साळवे. वय एकोणऐंशी.
काल कुणाला भेटलात?
त्यांनी दाराकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे.
"काल रविवार ना? नाही. कुणी नाही."
परवा?
"दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो."
पिशवी धरत नाहीत.
मी शून्य लिहिलं.

हजार वेळा चालवलं आम्ही ते शहर.
हजार वेळा सिंहगड रोड लाल झाला, मग हडपसर,
हजार वेळा मेसला कुलूप लागलं,
आणि एका कोपऱ्यात, कशालाच न जोडलेला,
साळव्यांचा ठिपका हिरवाच.
सर म्हणाले, सुटे बिंदू काढून टाक,
उगाच मेमरी खातात.

दुसऱ्या फेरीला गेले तर दाढी केलेली,
बशीत चार खारी.
"मागच्या वेळी तुम्ही गेल्यावर लक्षात आलं,
तुमचं नाव लिहायचं राहिलं.
पंचवीस मिनिटं बसला होतात.
लिहा."

सूचना क्रमांक सात:
सर्वेक्षकास संपर्कात धरू नये.

रिक्षात बसल्यावर मी माझी बेरीज केली.
भिंताडेबाई एकेचाळीस.
मी, त्या एका महिन्यात, दोनशे बारा घरं.
बहुतेक घरी पाणी प्यायले होते.

सगळे गेल्यावर मी स्वतःला जाळ्यात घातलं.
एक ठिपका, दोनशे बारा रेषा;
खडकीची रेष ओढताना हात जरा थांबला.
पहिल्याच खेपेला, एकोणिसाव्या दिवशी,
साळवे लाल झाले.
माझ्याकडून.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. तरी फोन लावला.
बरे आहात ना?
"मला काय धाड भरलीय,"
मग खोकले, म्हणजे घसा साफ केला असेल,
"तिसरी फेरी कधी आहे?"

मंजुरी दोनच फेऱ्यांची होती.
ते मी सांगितलं नाही.
पडद्यावर रेष तशीच ठेवली,
तेवढ्या एकीवरचा बीटा शून्य केला,
आणि शहर पुन्हा पहिल्या दिवसापासून
चालू केलं.