पाण्याची वेळ

पावणेपाचला नळ फुसफुसतो.
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
कन्नमवार नगरातल्या आमच्या इमारतीत
पन्नास मिनिटं मिळतात, सगळ्यांना सारखी.
पिंप, दोन कळशा, फिल्टर,
आणि माझ्या उशाची लिटरची बाटली,
कारण या गोळ्यांना तहान फार.

डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या,
दिनक्रम म्हणजे अर्धं औषध.
मला हसू आलं. दिनक्रम!
दहा वर्षं मी दुसरं काय करतेय?
तेव्हा ठाऊक नव्हतं
की उठायची वेळसुद्धा
मिलिग्रॅममध्ये मोजायची असते.

फ्रिजला वही टांगलीय, सुतळीला पेन.
झोप: सहा तास चाळीस.
मीठ: नेहमीइतकंच.
खर्च: कोथिंबीर, शाल्मलीच्या बुटांच्या नाड्या.
मन: इथे आकडा लिहायचा,
उणे पाच ते अधिक पाच.
आज शून्य लिहिलं.
शून्य लिहिता येणं केवढी कमाई असते
हे जिन्यात भेटणाऱ्या कुणाला सांगू?

चहा ओतताना बशी वाजते.
सासूबाईंना वाटायचं, त्यांच्या धाकानं.
धाकानं नाही हो, लिथियमनं.
हल्ली त्या म्हणतात, मला अर्धाच कप दे.
या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं,
आणि ते पुरलं.

चपात्या.
दिगंबर ओट्याशी उभा राहून मोजतो,
मोजत नसल्यासारखा.
दहा झाल्या की त्याचे खांदे खाली येतात.
त्या मार्चमध्ये मी रात्री दोनला कणीक तिंबली,
उजाडेपर्यंत चौऱ्याऐंशी लाटल्या,
मजल्यावरच्या प्रत्येक दारी डबा,
आणि गावाला गेलेल्या फातर्पेकरांच्या
कुलपाखाली दोन.
स्वयंपाकघराची भिंत हळदीच्या रंगाची करायला घेतली.
अकरा दप्तरं मागवली,
एका मुलीला.
काय सुंदर होते ते नऊ दिवस.
हे मात्र वहीत लिहिलेलं नाही.

मग जून. शाळा सुरू झाली
आणि मी आतल्या खोलीत, कुशीवर,
अंगावर मार्चमधलीच चादर.
दुसरीतल्या पोरीनं आपली आपण
वेणी घालायला शिकून घेतलं.
भांग वाकडा.
अजून वाकडाच काढते,
दे, मी सरळ करते, म्हटलं तरी.

भिंत अर्धीच पिवळी आहे.
रंग संपला होता की मी, आठवत नाही.
दर दिवाळीला दिगंबर म्हणतो, माणूस बोलावू.
दर दिवाळीला मी म्हणते, बघू.

आज डबा भरताना मी गुणगुणले.
नुसतं, ओठ मिटून.
तर घर थांबलं.
आरशापुढे दिगंबरचं दाढीचं पातं,
सासूबाईंची जपमाळ एका मण्यावर,
आणि एकाच पायात बूट घातलेली शाल्मली म्हणाली,
"आई, तू साधी खूश आहेस
की तशी खूश?"

राग यायला हवा होता.
मी वहीकडे पाहिलं.
म्हटलं, झोप सहा चाळीस, चपात्या दहा,
कोथिंबिरीची जुडी एकच.
साधी असावी बहुतेक.

तिनं दुसरा बूट चढवला, गाठ मारली,
विचार करून म्हणाली,
"मग चालेल. पण रिक्षा येईपर्यंतच हं."

रिक्षा आली. रिक्षा गेली.
नळाचं पाणी केव्हाच गेलेलं,
पिंप काठोकाठ.
मी धुण्याच्या बादलीवर वाकून
आणखी दोन ओळी म्हटल्या,
फेसात, हळू.
रात्री वहीत लिहायला हवं हे.
लिहीन.
बहुतेक.