सरकीचं आरमार

पैठणात, गोदेच्या उताराला आमची नीळकुंडं.
चौथ्या दिवशी पाण्यावर तांबूस साय धरते,
तेव्हा हात घालू नये,
मोठ्यानं बोलूही नये.

नेमका तेव्हाच आला वीरचंद दलाल, सुरतेहून,
पागोट्यावर धूळ, जिभेवर दर्या.
मूठभर सरकी मागितली,
सायीवर मांडली:
हे अकरा इंग्रज. हे नऊ वलंदेज.
मग गाल फुगवून
वारा स्वतःच झाला.

"ज्याच्या पाठीला वारा, त्याची तोफ आधी.
पुढं धूरच धूर. आपलं शीड कुठलं, परकं कुठलं,
त्यांचं त्यांना कळंना.
हे फुटलं. हे पेटलं.
हे उगाच बुडालं."
बोटानं एकेक दाबत गेला.
"आणि ह्याच्यात, सटवोजी, तुमच्या चौदा गाठी."

सासरे गप्प.
मग विचारलं,
"रंग सुटला का पाण्यात?"
वीरचंद हसला. एकटाच.
"अर्धं दाम राहिलंय. कोणती टोपी देणार?"
"इंग्रज म्हणतो, वलंदेज.
वलंदेज म्हणतो, वारा."

अंबाडीची भाजी दोनदा वाढून घेतली त्यानं,
हुंडीचं बघतो म्हणाला,
तांड्याबरोबर जालन्याकडं गेला.

दिवेलागणीला मी कुंडात चाळणी घातली.
साय मोडली होती, चार दिवस वाया.
सरकी वर आली ती हिरवट, ओली,
तळहातावर वारा लागला
तशी डोळ्यांदेखत निळी होत गेली,
इंग्रज काय, वलंदेज काय.

मोजली. एकोणीस.
पुन्हा मोजली.