तां, ती, दास

संस्थेचा खोका पुण्याहून एसटीच्या टपावर आला.
वेंगुर्ल्याच्या स्टँडवर हमालाने विचारलं,
"औषधां काय ओ बाई?"
आत बावीस पुस्तकं, दोन स्पीकर, एक जाडा कोश,
भिंतीवर लावायचा हिवाळा:
छपरावर बर्फ, खाली लाल टोपीतलं पोर,
आणि ओल शोषणाऱ्या इवल्या पुड्या,
ज्यांना आमची हवा माहीत नव्हती.
गोकुळाष्टमीपर्यंत हिवाळ्याला बुरशी आली.

वर्ग मच्छीमार सोसायटीच्या माडीवर.
खाली बर्फ फोडायचं यंत्र.
श्रवणाच्या सरावात कुठल्याशा स्टेशनातली बाई
गाडीचा फलाट सांगते
आणि नेमक्या त्या क्षणी खाली लादी फुटते.
"बाईनू, चार काय चौदा?"
मी पुन्हा लावते. गाडी पुन्हा येते. पुन्हा लादी.
कॅजिटन वही मिटतो:
"ही गाडी आमच्याकडे थांबाचीच नाय."

मी तरी कुठली जर्मन! हायस्कुलात संस्कृत शिकवायचे.
तुकडी बंद पडली, तेव्हा संस्थेने तीन आठवडे
एका नदीकाठच्या गावी पाठवलं,
जिथे एका म्हाताऱ्या शिक्षिकेने माझी हनुवटी धरून दाखवलं:
ओठ ऊ-चे ठेव, जीभ ई-ची.
तेच मी इथे देते. शिट्टी घालायला तोंड करा, म्हणते,
आणि ई म्हणा.
बावीस तोंडं, शिट्टीच्या बेतात.
जिन्यावरून जाणारा सोसायटीचा चेअरमन थबकतो
आणि न विचारता उतरतो.

वर्षातून एकदा संस्थेचं कुणीतरी बघायला येतं.
यंदा हेनरिके बाई, उकाड्याने लालबुंद,
कोकमाचा तिसरा पेला हातात.
चमचा? डेर. काटा? डी. सुरी?
इथे सगळे अडखळले. सुरी तिच्या देशात "ते" आहे,
आमच्या ओट्यावर ती "ती"च.
मग तिने विचारलं, मुलगी?
"दास!" एका आवाजात, यंत्राच्याही वर.

ती चकित. म्हणाली, शहरातले वर्ग इथे भांडतात,
मुलगी "ते" कशी, म्हणून.
मी म्हटलं, आमच्याकडे भांडण नाही.
चेडू म्हणजे तां.
तां इलां, तां जेवलां, तां निजलां.
तिने वहीत लिहून घेतलं. मग पेन हवेतच ठेवून,
"आणि 'ती' कधी होते?"

मी व्याकरणात उत्तर शोधत होते.
मागच्या बाकावरून निवेदिता तांडेल म्हणाली,
"लगीन झाल्यार."
वर्ग हसला. ती नाही हसली.

परीक्षेची अर्धी फी संस्थेने भरली.
उरलेली सुनंदा तांडेलने, ओल्या नोटांत.
मी त्या कोशाच्या पानांत वाळवल्या,
अजून "स" उघडला की बांगडा येतो.
पहिल्यांदा ती तोंडीत नापास झाली,
दुसऱ्यांदा श्रवणात. (चार काय चौदा.)
तिसऱ्यांदा पुण्याला, बंद खिडक्यांच्या खोलीत,
पहिल्यांदाच तिला गाडी नीट ऐकू आली.
म्हणाली, बाई, एवढी शांतता होती
की मला भीतीच वाटली.

काल बंदरावर गेले. सुनंदा टोपलीवर वाकलेली,
शेजारणीशी बोलत, हात मासळीत:
"आमची निवू? ती जातली डिसेंबरात.
म्हाताऱ्यांका बघूचा काम.
तिका थंडी सोसतली काय नाय, तां देवाक म्हायत."

ती, म्हणाली. तिका.
लग्नाची तर बोलणीही नाहीत.
की मीच चुकीचं ऐकलं, लाटेच्या आवाजात?
पुन्हा लावावं असं वाटलं.
तोवर तिची मान वर झाली,
"बाईनू, पाच घालू काय सा?"