पसरी

सेलूला जिनिंगच्या मागच्या बोळात गौसभाईची भट्टी.
दिवाळीच्या आधीचे आठ दिवस, रात्री पाव निघून गेले
की उरलेल्या धगीवर बायकांची पाळी.
काखेत स्टीलचा डबा, डब्यात घरून मळून आणलेलं
नानकटाईचं पीठ. तूप परातीत इतकं फेसलेलं
की आईचे तळहात आठवडाभर
दुसऱ्याच कुणाचे वाटायचे.

मला नंबर धरायला पाठवायची, दिवेलागणीलाच.
मी पायरीवर चप्पल ठेवून गोट्या खेळायला जायचो.
चप्पल रांगेत थांबायची, माझ्याहून शहाणी.

गौसभाई बनियनवर, हातात लांब दांड्याचं फावडं.
ट्रेच्या कडेला खडूनं नाव लिहायचा, उर्दूत.
आईला वाटायचं, आपलं नाव
उजवीकडून लिहिलं की जरा नटल्यासारखं दिसतं.

पीठ तो चाखायचा नाही. बोटानं नुसतं दाबायचा.
"घी कम पड्या, बाई."
किंवा, "सोडा जास्ती. फुटते."
किंवा काहीच नाही.
काहीच नाही म्हणजे पैकीच्या पैकी.
ते काहीच नाही आई घरापर्यंत
पदराखाली झाकून न्यायची.

त्या वर्षी आमच्या मागं सोजरबाई.
जिनिंगमध्ये सरकी झाडायची. केसांत कायम कापूस,
म्हणून खरे पिकलेले किती, कळायचं नाही.
तिच्याकडं डबा नव्हता, जर्मनचं पातेलं होतं, वर फडकं.
आत ज्वारीचं पीठ, वस्त्रगाळ,
आणि साखरेच्या जागी गूळ.

गौसभाईनं दाबलं. फडकं परत नीट झाकलं.
"गूळ है. पसरता."
"पसरू द्या की. ट्रेच्या भाईर तर जात न्हाई?"

रांगेतली एक हसली. मग दुसरी.
आई पण हसली. ते मी पाहिलं,
आणि मी पाहिलं हे तिनं पाहिलं.

फावड्यावरून बाहेर आला
एकच तपकिरी पत्रा.
वीस वाटोळ्यांचं एकच काहीतरी झालेलं,
कडा काळ्या, मध्ये बुडबुडे गोठलेले.
गौसभाई म्हणाला, पैसे रहने दे.
"लाकडं जळलेत की तुमचे. घ्या,"
असं म्हणून तिनं मूठ वळली
आणि ट्रेवर एक ठोसा दिला.
पाटी फुटल्यासारखा आवाज.

एक तुकडा माझ्या हातावर ठेवला, चटका बसेल असा.
याला काय म्हणायचं, मी विचारलं.
ती जरा थांबली.
"पसरी."

आधी करपलेलं लागलं. मग गूळ.
मग फार उशिरा, दाढेपाशी, ज्वारी,
रोजच्या भाकरीतलीच,
पण सणाचं लुगडं नेसून आलेली.

आईनं आमच्या ट्रेमधल्या दहा उचलून
तिच्या पातेल्यात घातल्या,
न मोजल्यासारखं करून, मोजून.

आता घरात ओव्हन आहे, काट्यावर चालणारा.
मी ज्वारी चाळतो. पिवळा गूळ घेतो, मग काळा,
तूप वाढवतो, पाणी वाढवतो.
वाटोळ्याच निघतात दरवेळी,
शहाण्यासारख्या अंतर राखून, एकमेकींना न शिवता.

मागच्या महिन्यात परतूरच्या स्टँडवर
सोजरबाईची लेक भेटली, द्वारका.
मी कृती विचारली.
"आईनं पुन्हा कधीच न्हाई केलं ते, दादा.
चुकलं होतं म्हणायची.
नाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. तिनं एकदा म्हणून पाहिलं, हळू,
गरम घास तोंडात फिरवावा तसं.

बस लागली. खिडकीतून ओरडली,
"गूळ आधी कढवला होता का तिनं? आठवतंय का तुम्हाला?"

मला पायरीवरची चप्पल आठवत होती
आणि आईचं हसणं.
गुळाचं काहीच नाही.