लाकडी कौलं

आज मिस्सेला नऊ जण.
दहावा एदुविहिसबाईंचा कुत्रा. प्रवचन सुरू झालं की तो जांभई देतो.
मी त्याला दोष देत नाही.

चिलोएच्या या टोकाला माझं तेविसावं वर्ष.
चार चर्च, एक मचवा,
दोन गुडघे, त्यातला एक कामाचा.
बिशपांनी पाठवलं ते श्रद्धेबद्दल बोलायला.
लोक बोलतात बटाट्यांबद्दल.
बटाट्यावरची कीड, अडलेली मेंढी,
मासळीच्या कारखान्यात थोरल्याची रात्रपाळी,
आणि मग उठताना, दाराच्या कडीवर हात ठेवून,
"फादर, एक सांगायचं राहिलंच..."
निम्म्या कबुल्या मी त्या कडीपाशी ऐकल्या आहेत,
उभ्यानं, गळ्यात पट्टा नसताना.

सेमिनरीत देव असल्याची पाच प्रमाणं पाठ केली होती.
दोन अजून आठवतात.
इथे ती कुणी विचारली नाहीत.
इथे विचारतात, सरपण आहे ना?
मी आहे म्हणतो.
रात्री दार उघडावं तर पायरीवर ओंडके रचलेले,
ओल्या बाजूनं खाली, सुक्या बाजूनं वर.
कुणी, ते मी शोधायला गेलो नाही.

बेलार्मिनो मिस्सेला कधी आला नाही.
बायकोला दारापर्यंत सोडायचा
आणि शिडी लावून छपरावर चढायचा.
मी खालून म्हणायचो, प्रभू तुम्हांबरोबर असो,
वरून तीन ठोके.
पहिली काही वर्षं मला राग यायचा.
मग केव्हापासून कोण जाणे,
मी त्या ठोक्यांसाठी थांबू लागलो.
एकदा विचारलं, आत का येत नाहीस?
म्हणाला, आत बसलेत त्यांच्यावर गळू नये म्हणून.

जूनमध्ये निरोप आला.
खाडीच्या मध्यावर मचव्याचं इंजिन बसलं.
एलादियोनं एकेका संताचं नाव घेऊन त्याला शिव्या घातल्या.
मी ऐकलं न ऐकलंसं केलं.
खरं म्हणजे दोन संत माझ्याकडचेही त्यात होते.
मग वल्ही.
पोहोचलो तेव्हा बोटं इतकी बधिर
की तेलाच्या कुपीचं झाकण त्याच्या बायकोनं उघडलं.

त्यानं वास घेतला. "कशाचं?"
ऑलिव्हचं.
"लाकडाला जवसाचं बरं."
मग डोळे मिटून, "लावा.
एवढ्या लांबून आलात."

तुझा विश्वास आहे का, हे मी विचारलं नाही.
पुस्तकात ते पान उघडंच होतं.
त्याच्या तळहातावर तेल लावताना
जुन्या कुसळावर माझं बोट अडलं, आणि मी थांबलो,
आणि मंत्रात कुठे होतो ते विसरलो.
त्यानंच शांतता मोडली:
"उत्तरेची बाजू. तिसरी ओळ. वारा फिरायच्या आत."
हे बिशपांना पाठवलेल्या अहवालात नाही.

पुरल्यानंतर आठव्या दिवशी मी वर चढलो.
एलादियोनं शिडी धरली आणि डोळे मिटून घेतले.
आलेर्सेची जुनी कौलं, कुजकी, कडेनं मऊ.
पहिलं निघालं तसं उलटून पाहिलं,
खालच्या अंगाला काही लिहिलं असेल म्हणून. आशा, दुसरं काय.
पेन्सिलीनं मापं होती.
आणि एका ओळीत: सांदालियोकडून चार पोती येणे.

रविवारी सूचना वाचून झाल्यावर
मी सांदालियोकडे नुसतं पाहिलं.
दोन पोती त्यानं संध्याकाळी तिच्या दारात टाकली.
उरलेली मार्चमध्ये, नवे बटाटे निघाले की.

परवा उत्तरेकडून रात्रभर झोडपलं.
तिसऱ्या ओळीखाली कोरडं आहे.
चौथीतून थेंब पडतो, नेमका
मी परमप्रसाद वर धरतो त्या घडीला, मानेवर.
मी थोडा डावीकडे सरकून उभा राहतो.

एलादियो म्हणाला, पुढच्या रविवारी बघतो.
मिस्सा चालू असतानाच बघावं लागेल, फादर,
तेव्हाच कळतं कुठून येतंय ते.
बरं म्हणालो.
शिडी एव्हाना त्याच्याच घरी असते.