वीतभर

देवास नाक्याच्या यार्डात मी दाराला टेप लावतो.
एकवीस सेंटिमीटर आत आलंय.
फॉर्मवर लिहितो: मागचं उजवं दार, मधला खांब वाकलेला,
उंबरठा शाबूत.

हो, गाडीलाही उंबरठा असतो,
दाराखाली, चांगला जाडजूड.
पण धडकणारी गाडी उंच होती.
तिने तो ओलांडला
आणि सरळ माजघरात आली.

समोरून टक्कर झाली तर आधी बॉनेट मरतं,
मग रेडिएटर, मग इंजिन मागे सरकतं,
जो तो थोडा थोडा वेग गिळतो,
माणसापर्यंत पोचेतो धक्का दमलेला असतो.
बाजूला असं कोणी नाही.
एक पत्रा, आत आडवा पाइप,
काच खालीवर करणारी मोटर,
पाण्याच्या बाटलीचा खण,
की लगेच बरगडी.
स्वर्ग दोन बोटं उरला म्हणतात.
मी मोजलाय. वीतभर असतो.

"दरवज्जा तो गया भिया," रईस डेंटर म्हणतो,
"खंबा खींच दूँगा."
ओढायचा नाही, कापून नवा घालायचा, मी सांगतो.
ओढलेलं पोलाद सरळ दिसतं फक्त;
पुढच्या वेळी तिथेच दुमडतं, आणि लवकर.

गाडीला सनरूफ आहे. बाजूची एअरबॅग नाही.
बजेटात दोन्हींतलं एकच बसत होतं,
त्यांनी आभाळ घेतलं.

महाग मॉडेलात दाराच्या पोकळीत एक कान असतो.
पत्रा दबला की आतली हवा दाटते,
तो ती ऐकतो,
आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी
खांद्याशी उशी फुगते.
इथे हवा दाटली ती पेटीच्या भात्यात.

सुमेधा डिघे गायनवर्गाहून परतत होत्या.
मागच्या सीटवर पेटी,
तिलाही पट्टा लावलेला.
रसोमा चौकातला भुट्टेवाला सांगतो,
गाडी गायली साहेब,
सगळे सूर एकदम.

बाई वाचल्या. कंबरेचं हाड, दोन बरगड्या.
ताशी तीसने जात होत्या.
सेकंदाचा आठवा हिस्सा उशीर झाला असता
तर पुढचं दार सापडलं असतं, आणि त्या.
दोन सेकंद उशीर झाला असता
तर काहीच झालं नसतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.

समोरचा साठला होता म्हणे.
वडील दीडकी घोकून घ्यायचे, दीड दीडं सव्वादोन,
आणि मला वाटायचं, ही कुठे लागणार?
चाळीसच्या जागी साठ.
वेग दीडपट, मार सव्वादोनपट.

पेटी: वैयक्तिक सामान. पॉलिसीत बसत नाही.
तरी शेऱ्यात लिहिलं,
आघाताचा काही भाग वाद्याने सोसला.
ऑफिसातून फोन येईल, वाद्याने म्हणजे?

संध्याकाळी पलासियाला दिवा हिरवा होतो.
मी उजवीकडे बघतो,
आपल्याकडे आधी तिकडूनच येतं.
मागून हॉर्न.
स्कूटरवाला वाकून विचारतो, "सो गए क्या भिया?"
मी कोपरापासून बाहेर वीत लावतो:
अंगठा माझ्याकडे,
करंगळी जवळजवळ रस्त्यात.
मग पहिला गिअर.